कॅन्सरनंतर पाच वर्षं पूर्ण: पुढच्या तपासण्या, फाइल, विमा (सोलापूर-बार्शी)

विजापूरवेस

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट भागात ज्यांच्या उपचारांना पाच वर्षं झाली किंवा होत आली, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. पाच वर्षांच्या तपासणीला डॉक्टर केसपेपरवर ‘एनईडी’ लिहितात. त्याचा अर्थ रोगाचा पुरावा सापडत नाही. मग सांगतात, ‘आता वर्षातून एकदा या.’ घरी पेढे येतात, रूपाभवानीची ओटी भरली जाते, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच आठवड्यात फाइल माळ्यावर जाते. घोळ तिथून सुरू होतो.

आधी एक साधी गोष्ट ठरवून घ्या. पाच वर्षं मोजायची कुठून? बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे. अशा नोंदणीत काळ निदानाच्या तारखेपासून धरतात. ओपीडीत डॉक्टर बहुधा ऑपरेशनपासून किंवा शेवटच्या शेकापासून (रेडिएशनपासून) धरतात. विमा कंपनी मात्र ‘शेवटचा उपचार कधी घेतला’ असं विचारते, आणि स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी चालू असेल तर त्यांच्या लेखी उपचार अजून संपलेलाच नाही. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर चार तारखा लिहा: बायोप्सी, ऑपरेशन, शेवटचा केमो, शेवटचा शेक. गोळी असेल तर तिची सुरुवातही.

ज्यांना एखाद्या प्रकारची नेमकी माहिती आहे त्यांनी लिहावं. अनुभवकथनाचे धागे इथे बरेच आहेत, त्यामुळे इथे फक्त काय करायचं, किती आणि का, एवढंच येऊ द्या.

भुईकोट

चांगला विषय. पहिलं म्हणजे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे वाक्य सगळ्या कॅन्सरना सारखं लागू होत नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये रोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. पाच वर्षांनंतर त्या जुन्या गाठीची भीती खूप कमी होते. पण तंबाखूनं पोळलेलं बाकीचं तोंड, घसा, अन्ननलिका तिथेच असतात, त्यामुळे दुसरीकडे नवा कॅन्सर होण्याचा धोका राहतो. स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या गोळीचा उपयोग नसलेल्या) प्रकारातही पहिली तीन-चार वर्षंच जास्त धोक्याची.

हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरचं उलटं आहे. पाच वर्षं गोळी घेऊन रोगमुक्त राहिलेल्या बायकांचा वीस वर्षांपर्यंतचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गाठ २ सेंमीपर्यंतची आणि काख स्वच्छ (तिथल्या गाठींत रोग नाही) असलेल्यांमध्ये पाचव्या ते विसाव्या वर्षात रोग शरीरात दुसरीकडे निघण्याचं प्रमाण १३ टक्के होतं. गाठ २ ते ५ सेंमीची आणि काखेत रोगाच्या ४ ते ९ गाठी असलेल्यांमध्ये ते ४१ टक्के होतं. यातल्या बऱ्याच जणींचे उपचार जुन्या काळातले आहेत, आज आकडे याहून बरे असतील. तरी यातून कळतं की या प्रकारात पाचवं वर्ष हा शेवट नाही. गोळी पुढे चालू ठेवायची का, हे तिथे विचारायचं असतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए ही रक्ततपासणी साधारण पाच वर्षांपर्यंत करतात. कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) मात्र त्यानंतरही दर पाच वर्षांनी चालू राहते, कारण नवे पॉलिप (आतड्यातले कोंब) होतच असतात. लोक सीईए थांबलं की कोलोनोस्कोपीही सोडून देतात. तसं करू नका.

शेळगी

एक प्रश्न. दरवर्षी पेट स्कॅन (रोगाची जागा चमकून दाखवणारा) करून घेतला तर बिघडतं काय? पैसे जातात ते जातात, पण मनाला स्वस्थता मिळते.

भुईकोट

शेळगी, स्वस्थता मिळेलच असं नाही. आपल्याकडे टीबी भरपूर आहे. छातीतल्या किंवा मानेतल्या टीबीच्या गाठी पेटवर कॅन्सरसारख्याच चमकतात. जुना निमोनिया, नुकतीच घेतलेली लस, दाताखालचा पू, हेसुद्धा चमकतात. मग सुई, बायोप्सी, दोन महिने घरादाराची झोप उडालेली, आणि शेवटी निघतो टीबी.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही त्रास नसताना पेट, बोन स्कॅन, सीए १५-३ ही रक्ततपासणी वगैरे नियमित करू नयेत, असंच मार्गदर्शन आहे. त्यानं आयुष्य वाढत नाही. मॅमोग्राम मात्र दरवर्षी हवा. स्तन पूर्ण काढला असेल तर दुसऱ्या बाजूचा करायचा, आणि काढलेल्या बाजूचा व्रण, काख, हाडाजवळचा भाग डॉक्टरांनी हातानं तपासायचा.

पेटवर काही चमकलंच तर आधी तुकडा तपासून घ्या. नुसत्या स्कॅनवर केमो सुरू करायचा नाही.

कडक_भाकरी

तोंडाच्या कॅन्सरवर सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात हा खूप दिसतो आणि पाच वर्षांनंतर दुर्लक्षही इथेच सगळ्यात जास्त होतं.

जबडा. तोंडाला साधारण ६० ते ६६ ग्रे (शेकाच्या मात्रेचं माप) शेक दिलेला असतो, ३० ते ३३ दिवसांत. त्यानं जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. दहा वर्षांनी दाढ काढली तरी ती जागा न भरता हाड उघडं पडू शकतं. म्हणून दात दुखला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘काढून टाका’ म्हणू नका. शेकाचा कागद घेऊन जा आणि कोणत्या बाजूला किती ग्रे दिलं ते दाखवा. वाचवता येत असेल तर रूट कॅनाल बरा. काढावाच लागला तर शेक देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, टाके घालून, अँटिबायोटिक देऊन. हिरडीतून हाड दिसतंय, टोचतंय, आणि तीन महिन्यांत भरत नाही, तर ते साधं तोंड येणं नव्हे.

लाळ कमी झाल्यानं दात मानेपाशी किडतात, हिरडीला लागून तपकिरी पट्टा दिसतो. त्यावर सोडियम फ्लोराइड १.१ टक्क्याचं जेल येतं. दातांच्या मापाचा ट्रे बनवून त्यात पातळ थर लावायचा, रात्री झोपताना ५ ते १० मिनिटं धरायचा, थुंकायचं, आणि अर्धा तास पाणी प्यायचं नाही. हे आयुष्यभर. पाच वर्षं झाली म्हणून लाळ परत येईल असं नाही.

तोंड उघडणं. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक ठेवून पुढच्या दातांत जातात का बघा. ३५ मिमीपेक्षा कमी उघडत असेल तर जबडा आखडलाय. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दोन्ही दातांमध्ये ठेवायच्या. ताण जाणवेल पण कळ येणार नाही एवढ्या. ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा, दिवसातून पाच वेळा. आठवड्यानं एक काडी वाढवता येते का बघायचं. काड्यांचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आकडा खाली येत असेल तर लगेच दाखवा, कारण शेकानंतरचा आखडलेपणा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. पुढचे दात हलत असतील तर काड्या दाढांकडे ठेवा.

थायरॉइड. मानेला शेक असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर ६ ते १२ महिन्यांनी, कायम. वजन वाढतं, शौचाला कडक होते, दिवसभर मरगळ येते आणि माणूस म्हणतो, ‘वय झालं.’ थायरॉइडची गोळी सुरू झाली तर उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याच्या दोन दिवस आधी बंद करा, त्यानं आकडे चुकतात.

मानेतल्या रक्तवाहिन्याही शेकानं अरुंद होतात. बीपी आणि कोलेस्टेरॉल म्हणूनच सांभाळायचं.

खाण्याबद्दल. कडक भाकरी सोडायची गरज नाही. चुरून आमटीत किंवा ताकात दहा मिनिटं मुरू द्यायची. शेंगाची चटणी कोरडी खाऊ नका, तिची भुकटी कोरड्या घशात चिकटते आणि ठसका लागतो. दह्यात किंवा तुपात कालवून, तिखट कमी करून. पाणी पिताना वारंवार ठसका लागायला लागला, जेवणानंतर आवाज ओला येतो किंवा ताप येऊन जातो, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. हा त्रास पाच-सात वर्षांनीही सुरू होतो.

बाळे_गाव

वरच्याला जोडून. मिश्री. ऑपरेशन झालं, शेक झाला, तंबाखू सुटली, पण ‘दात घासायला जरा’ म्हणून मिश्री परत येते. ती भाजलेली तंबाखूच आहे. आणि ‘नुसती सुपारी’ हीसुद्धा कॅन्सर करणारी म्हणून पक्की ठरलेली आहे, तंबाखू नसली तरी. सरकारी मोफत मदत फोन १८००-११-२३५६. घरातल्या दुसऱ्या कुणाची मिश्रीची डबी न्हाणीत राहिली तर रोज सकाळी ती समोर येते. ती डबी घरातूनच जायला हवी.

विडी वळणाऱ्या बायकांनी उपचारानंतर पुन्हा तंबाखूच्या सुपावर बसण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. ‘घरकाम करते’ असं मोघम सांगू नये.

रेवणसिद्ध

फाइलबद्दल. हा मुद्दा तातडीचा आहे.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. काही मोठी रुग्णालयं जास्त काळ ठेवतात, पण गृहीत धरू नका. पाच वर्षांनी अर्ज केला आणि ‘रेकॉर्ड नष्ट केलं’ असं उत्तर आलं, तर हातात काहीच उरत नाही. त्याच नियमांत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असंही आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

काय मागायचं:
हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) पूर्ण अहवाल आणि आयएचसीचा (गाठीचा प्रकार ठरवणाऱ्या तपासणीचा) अहवाल. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुरत नाही.
केमोचा तक्ता, औषधाच्या एकूण मात्रेसह. डॉक्सोरुबिसिन चार वेळा ६० मिग्रॅ प्रति चौ. मी. दिलं तर एकूण २४० होतं. आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० आहे, कारण त्यापुढे हृदय कमजोर होण्याचा धोका वाढत जातो. पुढे कधी पुन्हा केमो लागला तर नव्या डॉक्टरांना हा आकडा लागतोच.
शेकाचा सारांश: भाग, एकूण ग्रे, किती दिवस, तारखा.
आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा. रोग उलटल्यास जुन्या गाठीशी नवी ताडून बघायला, किंवा पुढे आलेल्या एखाद्या तपासणीसाठी, हा मेणाचा तुकडाच लागतो.

ईसीजी, सोनोग्राफीचे चकचकीत थर्मल कागद वर्षा-दोन वर्षांत कोरे होतात. आजच झेरॉक्स काढा. सीडी असेल तर पेनड्राइव्हवर घ्या.

शेळगी

ब्लॉक घरी ठेवला तर खराब होतो का? कुठे ठेवावा?

रेवणसिद्ध

वर्षानुवर्षं टिकतो, पण उष्णता सांभाळा. ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं तापमान ४० च्या वर, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून खालच्या खोलीतल्या कपाटात, झिपच्या पिशवीत, वर कापूस, प्लास्टिकच्या डबीत. डबीवर लॅबचा नंबर लिहा, ब्लॉकच्या कडेला असतो तोच. फ्रीजची गरज नाही. कुणाला तपासायला दिला तर पावती घ्या आणि परत आणा, हे फार जण विसरतात.

जुना_कारंबा_नाका

स्तनाच्या कॅन्सरच्या गोळीबद्दल. टॅमॉक्सिफेन पाच ऐवजी दहा वर्षं घेतल्यानं फायदा होतो, हे २०१२ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण ती सगळ्यांना नको असते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि पायात रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. पाळी बंद झालेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर असताना एकदा जरी अंगावरून रक्त गेलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही उदासपणावरची औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना गोळीचं नाव सांगा. दुसरं चालणारं औषध मिळतं.

लेट्रोझोल २.५ मिग्रॅ किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिग्रॅ असेल तर हाडं ठिसूळ होतात. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) दर दोन वर्षांनी.

आता हात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर सूज पाच वर्षांनंतरही पहिल्यांदा येऊ शकते. शिंप्याची टेप घ्या. कोपराच्या घडीपासून १० सेंमी वर आणि १० सेंमी खाली पेनानं खूण करा, दोन्ही हातांवर. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच खुणांवर मोजा. दोन हातांतला फरक पूर्वीपेक्षा २ सेंमीनं वाढला तर फिजिओथेरपिस्टकडे जा. दाबाची बाही आपल्या मनानं दुकानातून घेऊ नका, माप चुकलं तर मनगटावर काचते आणि पंजा सुजतो. सकाळी उठल्या उठल्या, हात हलका असताना घाला आणि रात्री काढा. आपल्या उन्हाळ्यात ती घामानं भिजते, म्हणून दोन ठेवा, रोज साध्या साबणानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत तिचा दाब जातो.

भाकऱ्या थापणं बंद करायला नको, पण सलग पंचवीस-तीस नको. आठ-दहा झाल्या की हात वर करून मूठ दहा वेळा उघडझाप. तव्याचा चटका, विळीचं कापणं, बाभळीचा काटा, यातून जंतू शिरतात. हात लाल, गरम, ठणकतोय आणि हुडहुडी भरली तर सकाळची वाट बघायची नाही. अँटिबायोटिक त्याच दिवशी.

उत्तर_कसबा

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कुणी लिहिलं नाही. बार्शीच्या हॉस्पिटलचं या रोगावर जुनं काम आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले आणि जगभर वापरले गेले. त्यामुळे या भागात उपचार होऊन आठ-दहा वर्षं झालेल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्या लाजेनं बोलत नाहीत.

ओटीपोटाला शेक झाल्यावर काही वर्षांनी शौचातून रक्त जाऊ शकतं. ते मूळव्याध समजून कुणाकडून बांधून घेऊ नका, क्षारसूत्र (औषधी दोरा बांधणं) नको, आणि ‘शेक झालाय’ हे सांगितल्याशिवाय आतड्याचा तुकडाही काढू देऊ नका. शेकलेली जागा भरत नाही, भोक पडून कायमचं दुखणं होतं. लघवीतून रक्त आलं तरी तसंच आधी सांगायचं. दर वेळी रोग उलटलेला नसतो, पण बघणारा माहितगार हवा. योनीमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणाऱ्या नळ्या) मिळतात. बाई डॉक्टरांना सरळ विचारा.

एसटी_स्टँड

जाण्यायेण्याचं. बार्शीला सोलापुरातून वैरागमार्गे एसटी, साधारण ७० किमी. परळच्या टाटाला जाणाऱ्यांनी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरावी, सकाळी दादरला उतरून टॅक्सी.

रेल्वेची कॅन्सर सवलत उपचारांसाठी तर आहेच, ठरावीक काळानं होणाऱ्या तपासणीसाठीही आहे, हे पाच वर्षांनंतर कुणी वापरतच नाही. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं. पुढच्या तपासणीची तारीख मिळाली की त्याच ओपीडीत शिक्का मारून घ्या, परत आल्यावर आठवण झाली तर पंचाईत.

महात्मा फुले योजनेत उपचारानंतरच्या तपासणीची काही पॅकेजेस आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आपलं त्यात बसतं का विचारा.

भुईकोट

रक्ताच्या एका कॅन्सरचं राहिलं. सीएमएल (रक्ताचा हळू वाढणारा कॅन्सर) असलेल्यांना रेमिशन, म्हणजे रोग दबलेला असणं, हे बीसीआर-एबीएल या रोगाच्या जनुकाच्या रक्तातल्या आकड्यावरून ठरतं. ०.१ टक्का किंवा खाली म्हणजे एमएमआर (चांगला प्रतिसाद), ०.०१ किंवा खाली म्हणजे एमआर४ (त्याहून खोल). इमॅटिनिब पुरेशी वर्षं घेऊन एमआर४ सलग दोन वर्षं टिकला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवून बघता येते. अट एवढीच की पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर (हा आकडा मोजणारी रक्ततपासणी), आणि तोही दर वेळी एकाच लॅबमधून. साधारण निम्म्या लोकांचा आकडा वर येतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केली की जवळपास सगळ्यांचा परत खाली जातो. थांबवल्यावर काही आठवडे सांधे दुखतात, तो रोग नव्हे. आपल्या मनानं थांबवून सहा महिन्यांनी तपासणं, हे मात्र कृपा करून नको.

विजापूरवेस

विम्याचं मी लिहितो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुनी माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पण एजंट ‘पाच वर्षं झाली, कॅन्सर लिहूच नका’ म्हणतो, तेव्हा ऐकू नका. फॉर्मवर ‘कधीही झाला होता का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘हो’, तारखा, आणि शेवटचा एनईडीचा कागद जोडा. हप्ता वाढेल, कदाचित एखादी कंपनी नकार देईल, दुसरीकडे अर्ज करा. गोळी चालू असेल तर ‘सध्या औषध चालू’ हेही लिहा. नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल तर निवृत्तीच्या आधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या, मधे एक दिवसाचाही खंड नको.

शेळगी

रेवणसिद्ध, एक शेवटचं. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तो बंद पडला असेल तर ब्लॉक कुठे शोधायचा?

रेवणसिद्ध

हिस्टोपॅथॉलॉजीच्या अहवालावर वर लॅबचं नाव असतं. लहान दवाखान्यांचे तुकडे बाहेरच्या लॅबला जातात आणि ब्लॉक बहुधा तिथेच राहतो. अहवालावरचा नमुना क्रमांक आणि वर्ष घेऊन त्या लॅबमध्ये जा, रुग्णाचं आधार आणि सहीचा अर्ज सोबत. ब्लॉक नाही म्हणाले तर काचेच्या स्लाइड मागा, त्या स्वतंत्र खोक्यात ठेवलेल्या असतात आणि पुष्कळदा सापडतात.